आर्सेनल महिला फुटबॉल संघाचा इतिहास: नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलींना सरावाला सोडायला येणारे पालक, शाळांमधले क्रीडाशिक्षक आणि रविवारी मोबाईलवर सामना लावून बसणाऱ्या पोरी नेहमी विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. चषकांची यादी कुठेही मिळते. म्हणून इथे भर आहे तो पगार, मैदान आणि गुडघे या तीन गोष्टींवर. या क्लबचं बरंवाईट आजवर त्यांच्यावरच ठरत आलं आहे.

क्लब कधी सुरू झाला आणि कोणी केला?

१९८७ साली, लंडनमध्ये, विक एकर्स यांनी. एकर्स त्या वेळी आर्सेनलच्या वस्तीपातळीवरच्या फुटबॉल उपक्रमात काम करत होते. पुढे ते पुरुष संघाचे किट मॅनेजर झाले, म्हणजे जर्सी, बूट, मोजे, धुलाई हे सगळं खातं त्यांच्याकडे आलं. ही नोकरी सांभाळूनच ते २००९ पर्यंत, सलग बावीस वर्षं, महिला संघाचे व्यवस्थापक होते. क्लबच्या आत पाय रोवलेला माणूस महिला संघाच्या पाठीशी उभा होता, आणि दुसऱ्या अनेक संघांच्या नशिबी नेमकं तेच नव्हतं.

म्हणजे संघ सुरुवातीपासूनच व्यावसायिक होता?

नाही. व्यावसायिक म्हणजे खेळणं हीच नोकरी, तिचा लेखी करार आणि दरमहा पगार. सुरुवातीच्या काळात यातलं काहीच नव्हतं. सराव संध्याकाळी व्हायचा आणि दिवसा प्रत्येकीला पोटापाण्याचं काम असायचं.

एकर्स यांनी यावर व्यवहारी तोडगा काढला. खेळाडूंना थेट पगार देता येत नसेल, तर क्लबमध्येच नोकरी द्यायची. कोणी मुलांना प्रशिक्षण द्यायचं, कोणी कार्यालयात बसायचं, कोणी धुलाईखान्यात. पुढे इंग्लंडकडून शंभरहून जास्त सामने खेळलेली ॲलेक्स स्कॉट आर्सेनलच्या धुलाईखान्यात पुरुष खेळाडूंचे कपडे धुवायची आणि मग स्वतःच्या सरावाला जायची. वाचून वाईट वाटतं, पण त्या नोकरीमुळे तिला सरावाच्या वेळी सुट्टी मागावी लागत नव्हती, कारण मालक आणि प्रशिक्षक एकाच घरचे. बाहेर दुकानात किंवा कारखान्यात काम करणाऱ्या प्रतिस्पर्धी खेळाडूंना ही सोय नव्हती. आर्सेनलने नव्वदच्या दशकात आणि त्यानंतर जी आघाडी घेतली, तिचं एक मोठं कारण हे आहे.

इंग्लंडमध्ये संपूर्ण वरची लीग पूर्णवेळ व्यावसायिक झाली ती २०१८-१९ च्या हंगामात. त्या वर्षी नवे परवाने आले आणि खेळाडूंना आठवड्याला किमान १६ तास क्लबच्या देखरेखीखाली सराव मिळालाच पाहिजे अशी अट पडली. त्याआधी, २०११ मध्ये विमेन्स सुपर लीग सुरू झाली तेव्हा एका क्लबला जास्तीत जास्त चारच खेळाडूंना वर्षाला २०,००० पौंडांपेक्षा अधिक पगार देता येत होता. बाकीच्या मुलींचं काम, शिक्षण आणि खेळ असं तिहेरी आयुष्य चालूच राहिलं.

इंग्लंड तर फुटबॉलचं माहेरघर. मग मुलींचं फुटबॉल तिथे इतकं मागे कसं राहिलं?

बंदीमुळे. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांनी संघ काढले. त्यातला प्रेस्टन शहरातला डिक, कर लेडीज हा संघ सगळ्यांत गाजला. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा सामना पाहायला ५३,००० लोक आले. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ ला, इंग्लिश फुटबॉल असोसिएशनने फर्मान काढलं की सदस्य क्लबांनी आपली मैदानं महिलांना द्यायची नाहीत. खेळ स्त्रियांना योग्य नाही, हे कारण पुढे केलं गेलं.

खेळायला मनाई नव्हती, मैदानाला होती. पण मैदान गेलं की तिकीट गेलं, तिकीट गेलं की प्रवासखर्च गेला आणि संघ आपोआप मोडले. ही बंदी उठायला जवळपास पन्नास वर्षं लागली. आर्सेनलचा महिला संघ १९८७ मध्ये जन्मला तेव्हा बंदी उठून दोन दशकंही झाली नव्हती.

पहिलं मोठं यश कोणतं?

१९९१-९२ चा लीग कप, म्हणजे लीगमधल्या क्लबांचीच वेगळी बाद स्पर्धा. त्याच हंगामात संघ वरच्या विभागात चढला आणि तिथल्या पहिल्याच वर्षी, १९९२-९३ मध्ये, लीग, एफए कप (फुटबॉल असोसिएशनची देशभरच्या क्लबांसाठीची बाद स्पर्धा) आणि लीग कप असे तिन्ही चषक घेऊन आला. त्या काळी डॉनकास्टर बेल्स हा दबदबा असलेला संघ होता. एफए कपच्या अंतिम सामन्यात आर्सेनलने त्यांनाच हरवलं.

२००६-०७ च्या हंगामाचं एवढं कौतुक का होतं?

कारण त्या एका हंगामात चारही चषक आले: लीग, एफए कप, लीग कप आणि युरोपातला यूईएफए विमेन्स कप. लीगचे २२ पैकी २२ सामने जिंकले. ऑक्टोबर २००३ ते मार्च २००९ या काळात हा संघ लीगमध्ये एकदाही हरला नाही. चार चषकांचं ते वर्ष या काळाच्या मधोमध येतं.

युरोपातला अंतिम सामना दोन टप्प्यांत होता, म्हणजे दोघांच्या मैदानावर एकेक सामना आणि दोन्हींचे गोल एकत्र मोजायचे. समोर स्वीडनचा उमेओ संघ. त्यांनी हा चषक दोनदा जिंकलेला आणि त्यांच्याकडे ब्राझीलची मार्टा. आर्सेनलची सगळ्यांत धारदार खेळाडू केली स्मिथ उपांत्य सामन्यातल्या लाल कार्डामुळे बाहेर. २१ एप्रिल २००७ ला उमेओच्या मैदानावर भरपाई वेळेपर्यंत गोलफलक कोरा होता. मग उजव्या बगलेची बचावपटू ॲलेक्स स्कॉट पुढे सरकली आणि लांबून मारलेला तिचा फटका जाळ्यात गेला. १-०. आठवड्याभराने, २९ एप्रिलला, घरच्या मैदानावर उमेओने हल्ल्यांवर हल्ले केले, पण गोलरक्षक एमा बर्न आणि तिच्या पुढच्या बचावफळीने एकही गोल होऊ दिला नाही. ०-०, आणि चषक आर्सेनलचा. त्याआधी हा चषक जर्मनी आणि स्वीडनच्या बाहेर कधी गेला नव्हता.

घरचा तो सामना झाला बोरहॅमवुडच्या मेडो पार्कवर. हे मैदान खालच्या श्रेणीतल्या एका पुरुष क्लबचं, जेमतेम साडेचार हजार क्षमतेचं. तेव्हा पुरुष संघ नव्याकोऱ्या, साठ हजारांच्या एमिरेट्सवर खेळत होता. युरोपची विजेती ठरणारी टीम उसन्या मैदानावर, ही त्या काळाची खरी स्थिती.

आणखी एक गोष्ट या हंगामासोबत लक्षात ठेवावी. त्या वर्षीच्या एफए कपच्या अंतिम सामन्यात आर्सेनलने चार्लटनला ४-१ असं हरवलं. त्यानंतर काही आठवड्यांतच चार्लटनचा पुरुष संघ प्रीमियर लीगमधून खाली गेल्याचं कारण सांगून क्लबने आपला महिला संघच बंद केला. एफए कपचा अंतिम सामना खेळलेल्या मुली दोन महिन्यांच्या आत बिनसंघाच्या झाल्या. पुढे बाहेरच्या मदतीने तो संघ पुन्हा उभा राहिला, पण खेळाडू पांगल्या होत्या. महिला संघाचा खर्च पुरुष संघाच्या निकालाला बांधलेला असला की काय होतं, हे याहून स्पष्ट दिसणार नाही.

एकूण चषक किती? प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा दिसतो.

प्रश्नमंजूषेत आणि शाळेच्या प्रकल्पात इथेच चुका होतात, म्हणून सविस्तर सांगतो. लीग १५ वेळा. त्यांपैकी १२ विजेतेपदं जुन्या, महिलांच्या प्रीमियर लीग नॅशनल डिव्हिजनमधली आणि ३ विमेन्स सुपर लीगमधली (२०११, २०१२, २०१८-१९). फक्त ३ लिहिलेलं दिसलं तर समजा, लिहिणाऱ्याने २०११ आधीचा इतिहास पुसून टाकला आहे.

एफए कप १४ वेळा, १९९३ पासून २०१६ पर्यंत. २०१६ चा अंतिम सामना वेम्बलीवर झाला आणि चेल्सीविरुद्ध डॅनिएल कार्टरच्या एका गोलने निकाल लागला.

खरा घोळ लीग कपचा. इंग्लंडमध्ये या नावाच्या दोन वेगळ्या स्पर्धा झाल्या. जुनी स्पर्धा आर्सेनलने १० वेळा जिंकली, शेवटची २००९ मध्ये. सुपर लीगच्या क्लबांसाठी २०११ मध्ये सुरू झालेली नवी स्पर्धा ७ वेळा, त्यात २०२३ आणि २०२४ चे लागोपाठचे विजय चेल्सीविरुद्ध. कोणी ७ म्हणतं, कोणी १७, दोघांनाही कोणती स्पर्धा ते विचारा.

युरोपचं विजेतेपद दोनदा, २००७ आणि २०२५. पहिल्या वेळी स्पर्धेचं नाव यूईएफए विमेन्स कप होतं, २००९ पासून ती विमेन्स चॅम्पियन्स लीग झाली. स्पर्धा तीच, म्हणून दोन्ही विजय एकत्र मोजतात.

२०१७ चं वर्ष पण फसवं आहे. उन्हाळी हंगामाकडून हिवाळी हंगामाकडे वळताना मधली पोकळी भरायला ‘स्प्रिंग सिरीज’ नावाची छोटी स्पर्धा झाली. ती चेल्सीने जिंकली, पण तिला पूर्ण हंगामासोबत मोजताना तळटीप हवी. आणि २०१७ आधीच्या नोंदींत क्लबचं नाव ‘आर्सेनल लेडीज’ असं आहे, ‘आर्सेनल विमेन’ त्या वर्षीच्या जुलैपासून.

एवढा जबरदस्त संघ, मग मधली वर्षं मागे का पडला?

पहिला धक्का २००९ मध्ये अमेरिकेतून आला. तिथे विमेन्स प्रोफेशनल सॉकर ही पूर्ण पगाराची लीग सुरू झाली आणि केली स्मिथ, ॲलेक्स स्कॉट, कॅरेन कार्नी अशा खेळाडू तिकडे गेल्या. त्याच वर्षी एकर्स यांनी व्यवस्थापकपद सोडलं.

दुसरा बदल हळूहळू झाला. चेल्सी आणि मँचेस्टर सिटी यांनी महिला संघात पूर्णवेळ करार, डॉक्टर, विश्लेषक आणि बाहेरच्या देशांतल्या खेळाडू यांवर पैसा ओतायला सुरुवात केली. आर्सेनलची जुनी ताकद होती क्लबमधल्या नोकऱ्या आणि एकर्स यांचा जम. सगळेच पगार द्यायला लागल्यावर ती ताकद उरली नाही.

मधल्या काळातला एक हंगाम मात्र आवर्जून बघण्यासारखा आहे, २०१८-१९. ऑस्ट्रेलियाचे जो मॉन्टेमुरो प्रशिक्षक आणि नेदरलँड्सची व्हिव्हियान मिडेमा पुढच्या फळीत. तिने लीगमध्ये २२ गोल केले आणि ब्रायटनला ४-० असं हरवून आर्सेनलने सात वर्षांनी लीग जिंकली. २०१९ च्याच डिसेंबरात, म्हणजे पुढच्या हंगामात, ब्रिस्टल सिटीविरुद्ध ११-१ असा निकाल लागला. मिडेमाने ६ गोल केले आणि आणखी ४ गोलांना पास दिले. खेळ संपायच्या वीसेक मिनिटं आधी तिला बाहेर काढलं होतं.

गुडघ्याच्या दुखापतींचं ते प्रकरण नेमकं काय?

२०२२-२३ च्या एकाच हंगामात आर्सेनलच्या चार खेळाडूंच्या गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध फाटला. नोव्हेंबरात बेथ मीड, डिसेंबरात मिडेमा, एप्रिलमध्ये इंग्लंडची कर्णधार लिया विल्यमसन आणि १ मे ला ऑस्ट्रियाची लॉरा व्हीनरॉइथर. ही शेवटची दुखापत चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य सामन्यातली, समोर वोल्फ्सबर्ग, एमिरेट्स साठ हजारांनी भरलेलं. तो सामना जादा वेळेत अगदी शेवटाला निसटला. मीड, मिडेमा आणि विल्यमसन तिघीही त्या वर्षीच्या विश्वचषकाला मुकल्या.

एसीएल फाटला की बहुतेकींना शस्त्रक्रिया लागते आणि परत यायला साधारण नऊ महिने ते वर्ष जातं. मुलींमध्ये ही दुखापत मुलग्यांच्या दुपटीहून जास्त प्रमाणात दिसते. कारणं एकात एक गुंतलेली आहेत: उडी मारून उतरताना गुडघा आत वळण्याची सवय, मांडीच्या मागच्या स्नायूंची कमी ताकद, पुरुषांच्या पावलाच्या मापावर बनवलेले बूट, सामन्यांची गर्दी, आणि लहानपणी नीट व्यायाम न शिकवला जाणं. यातलं शेवटचं कारण आपल्या हातात आहे.

आमच्या मुली कळमना, कामठी, हिंगणा अशा भागांत कडक मैदानावर खेळतात. त्यांनी काय करावं?

‘फिफा ११+’ हा वॉर्म-अप शिकवा. २० मिनिटं लागतात, १५ व्यायाम आहेत, यंत्र एकही लागत नाही. मुलींच्या संघांवर झालेल्या मोठ्या चाचणीत नियमित करणाऱ्यांच्या दुखापती सुमारे एक-तृतीयांशाने घटल्या. आठवड्यातून किमान दोनदा, सरावाच्या आधी.

मांडणी अशी: प्लॅस्टिकचे १२ कोन, सहा-सहाच्या दोन समांतर रांगा, दोन कोनांत ५ ते ६ मीटर अंतर. मुली जोडीने धावतात.

पहिला भाग ८ मिनिटांचा. सरळ हळू धावणं, गुडघा वर उचलून बाहेर फिरवणं, मग आत फिरवणं, जोडीदारणीभोवती गोल फिरणं, उडीत खांद्याला खांदा लावणं, आणि शेवटी दोन कोन पुढे वेगात व एक कोन मागे. प्रत्येक प्रकार दोनदा.

दुसरा भाग १० मिनिटांचा आणि सगळ्यांत महत्त्वाचा. कोपरांवर फळीसारखं ताठ राहणं, २० ते ३० सेकंद, तीनदा. तेच एका कुशीवर, दोन्ही बाजूंनी तीनदा. मग मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम: मुलगी गुडघ्यांवर उभी, मागून जोडीदारणीने घोटे घट्ट दाबलेले, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत अंग ताठ ठेवून जमेल तितकं हळू पुढे झुकायचं आणि शेवटी हातांवर पडायचं. सुरुवातीला ३ ते ५ वेळाच. पहिल्या आठवड्यात दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात आणि मुली हा व्यायाम टाळू लागतात. संख्या कमी करा, बंद करू नका. त्यानंतर एका पायावर चेंडू धरून तोल, प्रत्येक पायावर ३० सेकंद दोनदा. मग ३० सेकंद बैठका आणि ३० सेकंद उभ्या उड्या, दोन्ही दोनदा.

तिसरा भाग २ मिनिटांचा: ४० मीटर पाऊण वेगाने दोनदा, लांब ढांगा टाकत ६ ते ८ उड्या, आणि चार-पाच पावलं धावून झटक्यात दिशा बदलणं.

चुकतं ते दोन ठिकाणी. शिक्षक वेळ नाही म्हणून दुसरा भाग गाळतात, आणि मग उरतं ते नुसतं धावणं, त्याने गुडघा वाचत नाही. दुसरं म्हणजे उतरतानाचा गुडघा कोणी बघत नाही. मुलीसमोर उभं राहा. उडीवरून उतरताना गुडघे एकमेकांकडे झुकले की तिथेच थांबवा. गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत आणि थोडा वाकलेला हवा, उतरण्याचा आवाज हलका हवा. धप्प आवाज आला म्हणजे धक्का सांध्याने घेतला.

आता आपल्या मातीचं. विदर्भातली काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी होते आणि भेगाळते, पावसाळ्यात बुटाला चिकटून बसते. दोन्ही वेळा पाय जमिनीत अडकतो आणि वरचं शरीर वळतं, नेमका तेव्हाच एसीएल जातो. मार्च ते जून लांब स्टडचे (तळाच्या खुंट्यांचे) बूट घालू नका, आखूड रबरी स्टडचे किंवा टर्फचे बूट घ्या. भेगांत माती भरून, पाणी मारूनच मैदान वापरा. पावसात दर पंधरा मिनिटांनी स्टडमधली माती काढा. आणि बूट मुलीच्या पावलाला मोजून घ्या, भावाचे जुने बूट कागद कोंबून देऊ नका.

एप्रिल-मेमध्ये सराव सकाळी साडेपाच ते साडेसात, त्यानंतर नाही. दर १५ ते २० मिनिटांनी पाण्याचा थांबा, प्रत्येकीची स्वतःची बाटली. चक्कर, मळमळ किंवा अंगावर काटा येणं दिसलं की लगेच सावली, अंगावर पाणी, वारा. आणि मुलगी बरळू लागली तर पाणी मारत मारतच थेट दवाखाना.

महिला संघ एमिरेट्सवर कधीपासून खेळू लागला?

आधी अधूनमधून, मोठ्या सामन्यांपुरता. सप्टेंबर २०२२ मध्ये टॉटनहॅमविरुद्ध ४७,३६७ लोक आले, तो तेव्हाचा लीगचा विक्रम होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्ध ६०,१६० पर्यंत आकडा गेला. २०२४-२५ पासून एमिरेट्स हे मुख्य मैदान झालं आणि २०२५-२६ साठी लीगचे घरचे सगळे सामने तिथेच ठेवले गेले. १९२१ मध्ये मोठी मैदानं बंद झाली नसती तर हा दिवस किती आधी आला असता, असं वाटल्याशिवाय राहत नाही.

२०२५ च्या चॅम्पियन्स लीगमध्ये विशेष काय होतं?

प्रवास. आदल्या वर्षी हाच संघ पहिल्याच फेरीत पॅरिस एफसीकडून पेनल्टींवर हरून घरी गेला होता. या वेळी पण लीगमधल्या तिसऱ्या क्रमांकामुळे अगदी खालून, पहिल्या पात्रता फेरीतून, सुरुवात करावी लागली. रेंजर्स, रोझेनबोर्ग, मग स्वीडनचा हॅकेन, तिथे पहिला टप्पा हरून दुसरा ४-० असा जिंकला. गटातला पहिला सामना बायर्नकडून ५-२ असा हरले आणि काही दिवसांत प्रशिक्षक योनास आयडेवाल यांनी पद सोडलं. सहायक रेने स्लेगर्स यांनी सूत्रं घेतली, जानेवारीत त्यांना कायम केलं.

उपांत्यपूर्व फेरीत रिअल माद्रिदच्या चिखलमय मैदानावर ०-२. घरी ३-०: ॲलेसिया रूसोचे दोन, मारिओना काल्देन्तेचा एक. उपांत्य फेरीत लिओनकडून घरी १-२, मग लिओनमध्ये जाऊन ४-१. बाद फेरीत लागोपाठ दोनदा पहिला टप्पा हरून परत येणं सोपं नाही.

२४ मे २०२५, लिस्बन, आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ. समोर आधीची दोन वर्षं सलग विजेती बार्सिलोना. साठ मिनिटांनंतर बेथ मीड आणि स्टिना ब्लाक्स्टेनियस दोघी एकदमच बदली म्हणून उतरल्या. ७४ व्या मिनिटाला मीडचा पास, ब्लाक्स्टेनियसचा गोल, १-०. पास देणारी ही तीच मीड, जिचा गुडघा अडीच वर्षांपूर्वी गेला होता. एकूण १५ सामने झाले. पहिल्या पात्रता फेरीतून निघून हा चषक जिंकणारा हा पहिला संघ.

सगळ्यांत महागडी खेळाडू कोण?

जुलै २०२५ मध्ये कॅनडाच्या ऑलिव्हिया स्मिथसाठी आर्सेनलने लिव्हरपूलला दहा लाख पौंड मोजले. महिला फुटबॉलमध्ये हा आकडा पहिल्यांदाच गाठला गेला. पुढच्याच महिन्यात अमेरिकेच्या ऑर्लँडो प्राइडने मेक्सिकोच्या लिझबेथ ओव्हाल्येला घेऊन तो विक्रम मोडला.

युरोपात आपल्या भारतीय मुली खेळल्या आहेत का?

हो. गोलरक्षक अदिती चौहान २०१५ मध्ये वेस्ट हॅमच्या महिला संघात गेली. मणिपूरची बाला देवी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्सशी व्यावसायिक करार करून गेली. मनीषा कल्याण २०२२ मध्ये सायप्रसच्या अपोलोन संघाकडून विमेन्स चॅम्पियन्स लीग खेळली, भारतीयांमध्ये ती पहिली. अदिती आणि मनीषा दोघीही गोकुलम केरळकडून इंडियन विमेन्स लीग जिंकलेल्या आहेत. ही लीग २०१६-१७ च्या हंगामात सुरू झाली. घरच्या आणि बाहेरच्या मैदानांवर फिरते सामने २०२३-२४ पासून आले. त्याआधी सगळे संघ एका शहरात जमून काही आठवड्यांत स्पर्धा उरकायची.

सामने नागपुरात किती वाजता दिसतात?

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार ते मार्चचा शेवटचा रविवार इंग्लंडच्या वेळेत साडेपाच तास मिळवा, उरलेल्या महिन्यांत साडेचार. तिथे दुपारी १२ चा सामना आपल्याकडे हिवाळ्यात संध्याकाळी ५.३० ला, उन्हाळी वेळेत ४.३० ला. घड्याळं बदलतात त्या आठवड्यात हमखास पहिला अर्धा सामना हुकतो.

माझी मुलगी १३ वर्षांची आहे. नागपुरातून पुढे जाण्याचा रस्ता कोणता?

शाळा आणि संघटना, दोन्ही वाटा एकत्र धरा. शालेय वाटेत जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या स्पर्धा आणि १७ वर्षांखालील मुलींचा सुब्रतो कप. संघटनेच्या वाटेत नागपूर जिल्हा फुटबॉल असोसिएशन, वर राज्यासाठी वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन. क्लबमार्फत खेळाडूची राष्ट्रीय संघटनेच्या ऑनलाइन प्रणालीत नोंदणी होते. जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला तिन्हींवर नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख एकसारखी आहे का, हे आजच तपासा. निवडीच्या आठवड्यात दुरुस्ती होत नाही आणि चांगल्या खेळणाऱ्या पोरी कागदांपायी मागे राहतात. घरची परिस्थिती बेताची असेल तर नागपुरातच २००१ साली विजय बारसे सरांनी सुरू केलेली स्लम सॉकर ही संस्था मुलींसोबतही काम करते.

चेंडू १२ वर्षांपर्यंत ४ नंबरचा, पुढे ५ नंबरचा (घेर ६८ ते ७० सेंमी, वजन ४१० ते ४५० ग्रॅम). वीस मुलींना किमान दहा चेंडू हवेत. एका चेंडूवर वीस जणी असल्या तर दीड तासात प्रत्येकीचा पाय चेंडूला मोजक्याच वेळा लागतो.

पुढे एखाद्या क्लबने करार देऊ केला तर काय विचारावं?

करार किती महिन्यांचा, फक्त स्पर्धेपुरता की वर्षाचा? पगार कोणत्या तारखेला, बँकेत की हातात? राहणं, जेवण, प्रवास त्यातच की वेगळं? गुडघा गेला तर एमआरआय, शस्त्रक्रिया आणि नंतरच्या नऊ महिन्यांच्या फिजिओथेरपीचा खर्च कोण करणार, आणि त्या काळात पगार चालू राहणार का? विमा आहे का, असल्यास पॉलिसीची प्रत मिळेल का? मुलगी १८ वर्षांखालील असेल तर वसतिगृहात महिला व्यवस्थापक आहे का आणि शाळेच्या परीक्षांसाठी सोडतील का? दुसऱ्या क्लबकडे जायचं झाल्यास सोडचिठ्ठी किती दिवसांत मिळेल?

सगळी उत्तरं लेखी घ्या आणि सही केलेली एक प्रत घरी ठेवा. तोंडी आश्वासन देणारा माणूस पुढच्या हंगामात त्या क्लबमध्ये असेलच असं नाही.